डॉग फ्लॉवर ऊर्फ स्नॅपड्रॅगन: गणपती उठले की पेरा

गच्चीतली माती | २८ ऑगस्ट

डिसेंबरात नर्सरीतून फुललेल्या डॉग फ्लॉवरची पिशवी आणायची, पंधरा दिवस बघायची आणि जानेवारीत वाळलेली कुंडी रिकामी करायची, हा अनेक घरांतला दरवर्षीचा प्रकार. त्यात रोपाचा दोष नसतो. एवढ्याशा पिशवीत मुळं गोल गोल फिरून बसलेली असतात, पहिला तुरा उमलून गेलेला असतो आणि ज्या बगलफुटींवर पुढचे तुरे यायचे त्यांना वाढायला जागाच उरलेली नसते. बियांपासून वाढवलं तर हेच झाड दोन-अडीच महिने फुलतं. पेरणीची वेळ जवळ आलीय म्हणून आत्ताच धागा काढतोय.

पाकिटावर नाव बहुधा अँटिऱ्हिनम असं असतं. हे मूळचं भूमध्य समुद्राच्या पश्चिमेकडचं, स्पेन आणि दक्षिण फ्रान्सच्या बाजूचं. तिथे ते खडकांच्या कपारीत आणि जुन्या दगडी भिंतींच्या सांध्यांत आपसूक उगवतं. त्यामुळे मुळाशी पाणी थांबलेलं त्याला खपत नाही, ऊन भरपूर लागतं आणि हवा गार लागते.

आता हिशेब उलटा करू. बुटक्या जातींना पेरणीपासून फुलं यायला साधारण १२ आठवडे लागतात, उंच जातींना १४ ते १६. रात्री १० ते १५ अंश आणि दिवसा २५च्या आसपास असलं की तुरा लांब आणि भरगच्च येतो. पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात त्याच्या त्यातल्या त्यात जवळची हवा नोव्हेंबरअखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मिळते. म्हणून पेरणी १० ते ३० सप्टेंबरच्या दरम्यान. ऑक्टोबर संपताना पेरलेलं रोप फेब्रुवारीच्या शेवटी कळ्या धरतं आणि मार्चच्या उन्हात अर्धा तुरा उमलायच्या आधीच वाळतो. मग आपण खत बदलत बसतो. विदर्भात थंडी चांगली पडते पण ऑक्टोबर तापतो, तिथे सप्टेंबरअखेर ते १० ऑक्टोबर बरं. मुंबई, कोकण, गोवा हे वेगळं प्रकरण आहे, तिकडच्या मंडळींनी लिहावं.

पेरणी अशी:

धुतलेलं कोकोपीट ३ भाग आणि बारीक चाळणीतून काढलेलं गांडूळखत १ भाग. कोकोपीट धुवायचंच. भिजवा, पिळा, पाणी फेका, असं निदान दोनदा. त्यात मीठ असतं आणि इतक्या नाजूक मुळांना ते सोसत नाही. ९८ कप्प्यांचा प्रो-ट्रे किंवा तळाला भोकं पाडलेला मिठाईचा पसरट डबा, दोन्ही चालतं. मिश्रण भरून हलकं दाबा, आधी पूर्ण भिजवा आणि जास्तीचं पाणी निथळू द्या.

बी खसखशीपेक्षाही बारीक असतं. एका ग्रॅममध्ये ६ ते ७ हजार बिया बसतात, त्यामुळे चिमटीने पेरलं की एका जागी पन्नास पडतात. चिमूटभर बी दोन चमचे कोरड्या बारीक वाळूत मिसळून भुरभुरवा, नाहीतर ओल्या टूथपिकच्या टोकाने एकेका कप्प्यात दोन-दोन बिया ठेवा. वरून माती टाकू नका. या बियांना रुजायला उजेड लागतो. झाकल्या की बहुतेक तशाच राहतात. वर पारदर्शक झाकण किंवा प्लास्टिक, जागा उजेडाची पण थेट ऊन नको. २० ते २२ अंशांना ७ ते १४ दिवसांत हिरवे ठिपके दिसायला लागतात. निम्म्या बिया उगवल्या की झाकण काढा, उरलेल्यांची वाट बघू नका.

पाणी खालून. ट्रे दहा मिनिटं पाण्याच्या ताटलीत ठेवायचा, वरचा थर गडद दिसला की उचलायचा.

अबोली | २८ ऑगस्ट

छान माहिती. एक शंका. माती न टाकता, झाकण ठेवूनही शंभरातल्या जेमतेम दहा उगवतात. बी नवीन पाकिटातलं. काय चुकत असेल?

बागुलबुवा | २९ ऑगस्ट

अबोलीताई, तीन गोष्टी तपासा.

एक, वरचा थर दुपारी सुकतो का? बी एकदा पाणी पिऊन फुगलं की तासभर कोरडं पडलं तरी मरतं. बी उघड्यावर असल्यामुळे ही जोखीम जास्त. झाकण घट्ट बसवा, आणि झाकण नसेल तर अगदी बारीक तुषाराच्या बाटलीने दिवसातून तीन-चारदा. झारी नको, तिच्या धारेने बी वाहून कोपऱ्यात जमा होतं.

दोन, बियांवर लेप होता का? संकरित बी बऱ्याचदा मातकट लेप दिलेल्या गोळ्यांच्या रूपात येतं. ती गोळी पृष्ठभागावर ठेवून तिच्यावर नेमकं पाणी मारावं लागतं, लेप विरघळून फुटेपर्यंत. लेप अर्धवट ओला राहिला की बी आतल्या आत गुदमरतं.

तीन, पाकीट तुमच्या हातात नवीन असलं तरी दुकानात उन्हाळाभर कुठे पडलं होतं बघा. पॅकिंगची तारीख वाचा. हे बी उष्णता आणि दमटपणात लवकर उतरतं. उरलेलं पाकीट हवाबंद डबीत, सोबत सिलिकाची पुडी टाकून फ्रिजमध्ये ठेवा. पेरायच्या आधी चार-पाच दिवस फ्रिजमध्ये राहिलं तर उगवण थोडी एकसारखी होते.

आणि मुंग्या! ट्रे पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवला की तो प्रश्न मिटतो.

सातारी कंदी | १४ सप्टेंबर

उगवल्यानंतरच्या दहा दिवसांबद्दल कुणी लिहिलं नाही, आणि सगळ्यात जास्त रोपं याच काळात जातात. देठ मातीलगत दोऱ्यासारखा बारीक आणि काळपट होतो, रोप आडवं पडतं, दुसऱ्या दिवशी शेजारची चार. ही मर. पिथियम आणि रायझोक्टोनिया या मातीतल्या बुरश्यांचं काम. त्यांना तीन गोष्टी मिळाल्या की त्या पसरतात: सतत ओला पृष्ठभाग, कोंडलेली हवा आणि दाट रोपं.

पेरणीपूर्वी माध्यम भिजवायच्या पाण्यात ट्रायकोडर्मा लिटरला ५ ग्रॅम. मर दिसली तर तेवढा तुकडा मातीसकट उचलून फेकायचा आणि बाकीच्यांना कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला २ ग्रॅम, खालून पाजायचं. दोन्ही एका वेळी नको. ट्रायकोडर्मा ही स्वतः एक बुरशीच आहे, वरून बुरशीनाशक ओतलं की तिच्यावरचे पैसे वाया.

गांडूळखत कच्चं असेल तर वापरूच नका. त्यापेक्षा नुसत्या कोकोपीटमध्ये पेरा आणि खऱ्या पानांची (बीदलांनंतर येणाऱ्या) पहिली जोडी आली की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरला अर्धा ग्रॅम द्या.

फुलचुखी | १५ सप्टेंबर

माझी आठ दिवसांची रोपं दोऱ्यासारखी लांब झाली आहेत पण देठ काळे नाहीत, हिरवेच आहेत. ही मर का?

गच्चीतली माती | १५ सप्टेंबर

नाही, हा उजेडाचा तुटवडा. घरात ट्यूबलाइटखाली ठेवली असणार. उगवल्या दिवसापासून सकाळचं कोवळं ऊन द्या, हळूहळू वाढवत चार तासांवर न्या. खिडकीत ऊन येतच नसेल तर २० वॅटची पांढरी एलईडी पट्टी रोपांपासून वीतभर उंचीवर दिवसाला १४ तास. आत्ता लांबलेली रोपं पुनर्लागवडीच्या वेळी पहिल्या पानांपर्यंत मातीत बसवा. एरवी या झाडाचा देठ खोल गाडू नये, कुजतो. पण लोळणाऱ्या रोपाला दुसरा इलाज नाही.

नाशिककर | १७ सप्टेंबर

जात निवडताना फोटो बघू नका, उंची बघा.

१५ ते २५ सेंमीच्या बुटक्या: फ्लोरल शॉवर्स, मॉन्टेगो, स्नॅपशॉट. या बुडातूनच फुटतात. १० इंची कुंडीत तीन.
४५ ते ५५ सेंमीच्या मध्यम: सॉनेट, लिबर्टी. १० इंचीत एक किंवा फार तर दोन, वाफ्यात २० ते २५ सेंमी अंतर.
७५ ते ९० सेंमीच्या उंच: रॉकेट, दुहेरी पाकळ्यांची मॅडम बटरफ्लाय. ३० सेंमी अंतर आणि आधार हवाच. बाल्कनीत वाऱ्याने मोडतात.

फुलदाणीसाठी वाढवायच्या जातींवर गट १ ते ४ असा आकडा असतो. गट १ आणि २ थोड्या उजेडाच्या, गार हिवाळ्यासाठी काढलेले. ३ आणि ४ लांब दिवसांसाठी आणि उबेसाठी. गट ४ आपल्याकडच्या अकरा तासांच्या हिवाळी दिवसात उशिरा फुलतो, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. आपल्याला २ आणि ३ सोयीचे.

पाकिटावर 'मिश्र रंग' लिहिलेलं असेल तर रोपं विरळताना सगळ्यात जोमदार तेवढीच ठेवू नका. जोम आणि रंग बऱ्याचदा जोडीने येतात, मग सगळी बाग एकाच रंगाची होते. लहान-मोठी सगळी ठेवा.

फुलचुखी | १७ सप्टेंबर

शेवटचा मुद्दा कधीच डोक्यात आला नव्हता!

मुंबईचं मी लिहिते. इथे सप्टेंबरात पेरून उपयोग नाही, ऑक्टोबरच्या उकाड्यात रोपं सडतात. १५ ते २५ ऑक्टोबरला पेरा, फुलं जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. जात बुटकीच घ्या. बाल्कनी दक्षिणेची असेल तर उत्तम, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि उन्हाळ्यात सावलीत असणारी बाल्कनीसुद्धा पाच-सहा तास ऊन खाते. पश्चिमेची असेल तर दुपारी दोननंतर हिरवी जाळी लावा. उत्तरेच्या बाल्कनीत हे झाड करू नका, नुसती पानं येतील. आणि कोकोपीट कमी ठेवा. पुण्याचं मिश्रण आमच्या दमट हवेत सुकतच नाही.

सोनचाफा | १८ सप्टेंबर

गोव्यातही तेच, फक्त आणखी थोडं कमी. जानेवारीतल्या रात्रीही २० अंशांच्या आसपास असतात. तुरे बोटभर येतात, हातभर नाहीत. पूर्वेचं ऊन, दुपारी सावली, बुटकी जात, आणि पावसाची शेवटची सर गेल्याशिवाय उघड्यावर ठेवायचं नाही. सहा कुंड्यांऐवजी दोन करा.

अबोली | १६ ऑक्टोबर

या वेळी ७० टक्के उगवली! वाळूत मिसळून पेरलं आणि लेपाच्या गोळ्या घेतल्याच नाहीत. आता चार-चार पानं आहेत. कुंडीत कधी हलवू? कुंडीतलं मिश्रण कसं?

गच्चीतली माती | १६ ऑक्टोबर

अजून आठवडाभर थांबा. खऱ्या पानांच्या तीन जोड्या झाल्या आणि कप्प्याच्या भोकातून पांढरी मुळं डोकावली की हलवा. पेरणीपासून साधारण पाच आठवडे. रोप पानाला धरून उचला, देठाला नाही. पान फाटलं तर दुसरं येतं, देठ चेमटला तर रोप गेलं.

तांबडी माती किंवा पोयटा ४ भाग, जुनं शेणखत किंवा कंपोस्ट ३, कोकोपीट २, जाड वाळू १. दहा इंची कुंडीला वर मूठभर निंबोळी पेंड. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा पालथा. काळी माती असेल तर ती दोन भागांवर आणा आणि वाळू तीन भाग करा, नाहीतर चार दिवस पाणी हटत नाही आणि खालची पानं पिवळी पडतात.

लावणी संध्याकाळी करा. पहिले चार दिवस सावली, मग सकाळचं ऊन, ऑक्टोबर हीट ओसरली की पूर्ण ऊन. पाणी वरचा इंचभर थर सुकला की आणि सकाळीच. रात्री पानं ओली राहू देऊ नका, त्याचं कारण डिसेंबरात कळेल.

बागुलबुवा | २५ ऑक्टोबर

आता वादाचा विषय: शेंडा खुडणं. रोप ८ ते १० सेंमीचं झालं, पानांच्या चार-पाच जोड्या झाल्या की तिसऱ्या जोडीच्या वर कात्रीने छाटायचं. एका दांडीच्या जागी चार ते सहा दांड्या येतात. न खुडता ठेवलेलं उंच झाड म्हणजे छडीला लटकवलेली फुलं.

नाशिककर | २५ ऑक्टोबर

इथे मी वेगळं सांगेन. खुडण्याने फुलं दोन ते तीन आठवडे पुढे जातात. १५ सप्टेंबरची पेरणी असेल तर तेवढी सवड आहे. ऑक्टोबरात पेरलेल्यांनी खुडलं तर पहिला बहर थेट उन्हात सापडेल. त्यांनी शेंड्याला हात लावू नये, मधला तुरा उमलला की तोच कापावा; बाजूचे मागून येतातच. बुटक्या जाती तर कधीच खुडायला नकोत. आणि फुलदाणीसाठी एकच लांब दांडी हवी असेल तर उलट बाजूचे फुटवे काढायचे. म्हणजे 'खुडायचं की नाही' याला पेरणीची तारीख, जात आणि आपल्याला काय हवंय ते विचारल्याशिवाय उत्तर नाही.

बागुलबुवा | २५ ऑक्टोबर

तारखेचं मान्य. मध्यम जातींपुरतं मी माझ्या म्हणण्यावर ठाम.

सातारी कंदी | २ नोव्हेंबर

उंच जातींना आधार आत्ताच लावा, दांडी वाकल्यावर नाही. वाकलेल्या दांडीचा शेंडा उजेडाकडे वळतो आणि तो बाक कायमचा राहतो. कुंडीच्या कडेने तीन बांबूच्या काड्या, १५ आणि ३५ सेंमीवर सुतळीचे वेढे. वाफ्यात १५ सेंमी चौकोनांची जाळी आडवी ताणून झाडं तिच्यातून वर येऊ द्यायची.

खताबद्दल: लावणीनंतर दोन आठवड्यांनी १९:१९:१९ लिटरला १ ग्रॅम, दर दहा दिवसांनी, ओल्या मातीत. कळ्या दिसल्या की १३:००:४५ (स्फुरद नसलेलं, पालाश जास्त असलेलं खत), तेवढंच. युरिया नको. नुसता नत्र पडला की पानं गडद, दांडी पोकळ आणि मावा हजर. 'फुलांसाठी स्फुरद ओता' असं जिकडेतिकडे वाचायला मिळतं. शेणखत घातलेल्या कुंडीत स्फुरद पुरेसा असतो, वरून आणखी ओतला की लोह आणि जस्त अडकून बसतात.

जर्सीची सई | ३ नोव्हेंबर

परदेशातल्यांसाठी एक जोड. न्यू जर्सीसारख्या थंड भागात हे सगळं वेळापत्रक उलटतं. शेवटच्या फ्रॉस्टच्या ८ ते १० आठवडे आधी, म्हणजे फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीला, घरात दिव्याखाली पेरायचं. आठ-दहा दिवस रोज थोडं-थोडं बाहेर ठेवून सरावलेली रोपं हलका फ्रॉस्ट सोसतात, त्यामुळे एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात बाहेर लावता येतात. जूनमध्ये पहिला बहर. जुलै-ऑगस्टमध्ये झाड रुसतं. तेव्हा एक तृतीयांश उंचीवर छाटून पाणी देत राहायचं, सप्टेंबरात पुन्हा फुलतं. उपटू नका, मेलेलं नसतं.

अबोली | २६ नोव्हेंबर

नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. जुनी पानं ठीक आहेत. सोसायटीत सध्या बोअरचं पाणी येतंय. त्याचा संबंध असेल का?

गच्चीतली माती | २६ नोव्हेंबर

अगदी तेच. बोअरच्या जड पाण्याने मातीचा सामू (पीएच) ७ च्या वर जातो आणि लोह असूनही मुळांना घेता येत नाही. नवी पानं पिवळी म्हणजे लोह, जुनी पानं आधी पिवळी म्हणजे बहुधा नत्र किंवा साचलेलं पाणी. या झाडाला ६ ते ७ मधला सामू आवडतो.

चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपात बांधलेलं), ईडीटीए प्रकारचं, लिटरला अर्धा ग्रॅम, पानांवर, उन्हं उतरल्यावर, आठ दिवसांच्या अंतराने दोनदा. मातीत ओतू नका, जास्त सामूच्या मातीत ईडीटीए लोहाला धरून ठेवू शकत नाही. आणि पालिकेचं पाणी दोन दिवसांतून एकदा जरी मिळालं तरी कुंड्यांसाठी बादलीभर राखून ठेवा. पिवळी झालेली पानं पूर्ण हिरवी होतील असं नाही, नवीन येणारी बघा.

रानजाई | ९ डिसेंबर

धागा पहिल्यापासून वाचला, पण पेरणी हुकली. नर्सरीतून रोपं घ्यायची तर काय बघून घ्यावीत?

नाशिककर | ९ डिसेंबर

फुललेलं रोप घेऊ नका, कळ्यांचं किंवा नुसत्या पानांचं घ्या. बुडात फुटवे मोजा, तीनपेक्षा कमी असतील तर पुढचं. पिशवीच्या भोकातून मुळांचा जाड गुंता बाहेर आला असेल तर सोडा. पान उलटून बघा: खालून तपकिरी पूड असेल तर त्या वाफ्यातलं एकही नको, बाकी सगळ्या बागेला देईल. घरी आणून पिशवी ओढून काढू नका, उभी चिरा, मुळांच्या गोळ्याच्या बाजू बोटांनी थोड्या मोकळ्या करा.

फुलचुखी | १९ डिसेंबर

ती तपकिरी पूड म्हणजे नेमकं काय? मैत्रिणीच्या पुण्यातल्या झाडांवर आहे. पानांवर वरून पिवळे ठिपके, खालून चॉकलेटी चूर्ण, गोल गोल रचलेलं.

सातारी कंदी | १९ डिसेंबर

तांबेरा. या झाडाचा ठरलेला शत्रू. त्याच्या बुरशीचं नावच पक्सिनिया अँटिऱ्हिनी. बीजाणूंना रुजायला पानावर काही तास पाण्याचा पातळ थर आणि गारवा लागतो. आपला डिसेंबर, रात्रीचं दव आणि संध्याकाळी झारीने डोक्यावरून घातलेलं पाणी म्हणजे त्याला आमंत्रण. म्हणून वर 'गच्चीतली माती' यांनी सकाळी पाणी द्या म्हटलं होतं.

करायचं काय: डागाळलेली पानं सकाळचं दव सुकल्यावर तोडा. ओल्यात हात फिरवला तर आपणच पसरवतो. पानं पिशवीत बांधून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. कुंड्यांमध्ये वीतभर अंतर वाढवा. मँकोझेब लिटरला २ ग्रॅम, पानांच्या खालच्या बाजूला, १० ते १२ दिवसांनी पुन्हा, हातमोजे आणि मास्क घालून. अर्ध्याहून जास्त पानं गेली असतील तर औषध घालत बसू नका, झाड उपटा. ही बुरशी जिवंत झाडावरच तगते, त्यामुळे एखादं रोगट झाड 'जगलंय तर राहू दे' म्हणून उन्हाळाभर जपलं की पुढच्या वर्षीच्या रोपांना घरातूनच लागण.

पांढरी पूड पानाच्या वरच्या बाजूला असेल तर ती भुरी. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, दुपारच्या उन्हात मारू नका, पानं करपतात. दोन्हींची सरमिसळ करू नका, औषधं वेगळी आहेत.

रानजाई | २० डिसेंबर

आमचं मांजर कुंडीतली पानं कुरतडतं. विषारी तर नाही ना?

बागुलबुवा | २० डिसेंबर

झाड मांजर-कुत्र्याला विषारी नाही. वर लिहिलेल्या फवारण्या आहेत. मारल्यावर पंधरा दिवस कुंडी तिच्या टप्प्याबाहेर ठेवा.

अबोली | ११ जानेवारी

फुललं! सोळा तुरे, गुलाबी आणि पिवळे. आता घरात ठेवायला कापले तर दोन दिवसांत फुलं गळतात आणि शेंडे वाकडे होतात. काय करायचं?

नाशिककर | ११ जानेवारी

अभिनंदन! तुऱ्यातली खालची एक तृतीयांश फुलं उमलली की कापा, पहाटे किंवा सकाळी लवकर. सगळी उमलेपर्यंत थांबलात तर भुंगा येऊन जातो. फुलाचं हे मिटलेलं तोंड उघडायला भुंग्यासारखी जड, दांडगी मधमाशीच लागते. परागण झालं की फूल स्वतःच इथिलीन सोडतं आणि पाकळी गळते. पिकलेल्या केळ्यांमधूनही तोच वायू येतो, म्हणून फुलदाणी फळांच्या टोपलीशेजारी ठेवायची नाही.

शेंडे वाकडे होतात कारण कापल्यावर दांड्या आडव्या ठेवल्या जातात. कापलेली दांडीसुद्धा गुरुत्वाच्या उलट दिशेला वळते, तासाभरात. कापल्या क्षणापासून बादलीत उभ्या. पाण्याखाली जाणारी पानं काढा, एक दिवसाआड पाणी बदला आणि दर वेळी देठाचं टोक सेंटिमीटरभर तिरकं छाटा. आठवडाभर सहज टिकतात.

झाडावर कापायची जागा: तुऱ्याच्या खाली पानांच्या तीन-चार जोड्या राहतील अशी. तिथून दुसरा बहर महिना-सव्वा महिन्यात. तुमचा फेब्रुवारीच्या मध्याला येईल, थोडा तोकडा.

फुलचुखी | ८ फेब्रुवारी

कळ्या उमलायच्या आधीच वाळतायत, आणि पाकळ्यांवर पांढरट ओरखडे. मावा दिसत नाही.

बागुलबुवा | ८ फेब्रुवारी

पांढऱ्या कागदावर तुरा झटका. सुईच्या टोकाएवढे पिवळसर किडे पळाले तर फुलकिडे. निळे चिकट सापळे तुऱ्याच्या उंचीवर, आणि निंबोळी अर्क १० हजार पीपीएमचा लिटरला २ मिली, सोबत दोन थेंब साबण, संध्याकाळी, पाच दिवसांनी पुन्हा. कळीच्या आत बसलेल्या किड्याला काही लागत नाही, त्या कळ्या तोडून फेका. पानाखाली बारीक जाळं असेल तर तो लाल कोळी, त्याला आधी पाण्याचा जोरदार फवारा खालून. किडे नसतील आणि नुसत्या कळ्या वाळत असतील तर ऊब वाढलीय. मुंबईत फेब्रुवारीत दुपारी ३२ झाले की त्यावर औषध नाही.

रानजाई | १ मार्च

बी धरायचंय. लाल झाडाचं बी लावलं तर लालच येईल?

गच्चीतली माती | १ मार्च

संकरित पाकिटातलं असेल तर नाही. एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्रात अपूर्ण प्रभुत्वासाठी हेच फूल घेतलंय: शुद्ध लाल आणि शुद्ध पांढऱ्याची पुढची पिढी सगळी गुलाबी, आणि त्या गुलाबीच्या बियांतून लाल, गुलाबी, पांढरं १:२:१. म्हणजे गुलाबी झाडाचं बी धरलंत तर निम्मीच गुलाबी. बाजारातल्या जातींत आणखी रंग मिसळलेले असतात, त्यामुळे एवढं स्वच्छ गणितही निघत नाही. बहुतेक लागवडीच्या जातींत स्वतःच्याच परागाने बी धरतं, भुंगा नसला तरी. रंग हवा तसाच हवा असेल तर नवीन पाकीट. काय येईल ते बघायचं असेल तर घरचं.

बी धरायचं त्या एकाच झाडावरचा एकच तुरा राखा, बाकीचे कापत राहा. बोंडं धरली की झाड फुलायचं थांबतं.

रानजाई | १८ मार्च

खालची बोंडं तपकिरी झालीत, वरची हिरवी आहेत आणि झाड उन्हाने माना टाकतंय. थांबू की कापू?

गच्चीतली माती | १८ मार्च

आजच कापा. बोंडाच्या टोकाला तीन भोकं पडतात. वाळलेलं बोंड उलटं धरलं तर कवटीसारखं दिसतं ते त्यामुळेच. भोकं उघडली की वाऱ्याने बी सांडतं. दांडी सरळ धरून कापा आणि उलटी करून कागदी पिशवीत बांधून सावलीत आठवडाभर टांगा. पिवळट झालेली बोंडं पिशवीत पिकतील, गर्द हिरवी नाही पिकणार, ती सोडून द्या. मग चहाच्या गाळणीतून गाळून डबीत, डबीवर महिना आणि आईझाडाचा रंग लिहून फ्रिजमध्ये.

कुंडीतली माती फेकू नका. मुळं काढून, ओली करून, पारदर्शक प्लास्टिकमध्ये गुंडाळून एप्रिल-मेच्या उन्हात सहा आठवडे गच्चीवर ठेवा, मरीची बुरशी बरीच मरते. पुढच्या हंगामात तिच्यात झेंडू किंवा पालेभाजी घ्या. डॉग फ्लॉवरला दुसरी कुंडी.